एकटाच सुटलेला

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रात्री हॉलमध्ये मी 'क्रॅम्पस' नावाचा भयपट बघत बसले होते आणि आई शेजारी परातीत मोड आलेले वाल घेऊन डाळिंब्या सोलत होती. आईला भयपटांची ना आवड ना भीती. टीव्हीवर जे चालू असेल त्याकडे ती अधूनमधून मान वर करून बघते, नापसंतीचा एक हुंकार देते आणि परत कामाला लागते. पडद्यावर बर्फाचं वादळ होतं. दिवे गेलेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एक मुलगी मित्राच्या घराकडे एकटीच चालत निघाली आहे. मागे काहीतरी हलतं म्हणून ती वळून बघते, तर शेजारच्या छपरावर शिंगांचं एक धूड उभं. ते त्या छपरावरून पुढच्या छपरावर झेप घेतं, तिथून त्याच्या पुढच्या. आईने नेमकं तेवढंच पाहिलं.

"अगो, ह्याच्यासोबत कोणीच नाही?" तिने विचारलं. "एकटाच सुटलाय?"

मी म्हटलं, हो, एकटाच. "मग ह्याला आवरायचं कोणी?" असं म्हणून तिने मूठभर सालं बाजूच्या ताटलीत टाकली आणि पुढचे वाल ओढून घेतले. तिच्या लेखी विषय संपला. सिनेमा पुढे चालू राहिला, पण माझं लक्ष उडालं ते उडालंच. नाताळच्या लोककथांवरचे असले काळोखे सिनेमे मी बरीच वर्षं हौसेने बघत आले आहे. त्यातली भुतं कशी दिसतात, कशी चालतात, कोणाला आधी गिळतात यावर मी तासभर बोलू शकते. त्यांच्यासोबत कोण असायला हवं होतं, हा प्रश्न मात्र आईचाच.

तो तिला का पडला हे मला लगेच कळलं. आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं, आणि तिथे शिमग्यात खेळे, म्हणजे दारोदार फिरणारी नाचगाण्याची मंडळी, येतात तेव्हा त्यांच्याबरोबर संकासुर येतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीपर्यंत पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात आसूड. मृदंग आणि टाळ ऐकू येण्याआधी त्याचे घुंगरू ऐकू यायचे. आम्ही भावंडं माजघरात कणगीच्या मागे जाऊन बसायचो. तिथे भाताचा, उंदरांचा आणि जुन्या गोणपाटाचा वास असे, आणि त्या वासाशी माझी भीती अजून जोडलेली आहे. अंगणात आसूड वाजला की पोटात खड्डा पडायचा. मोठं कोणीतरी मुद्दाम सांगायचं, "पोरं आत आहेत हो!" मग घुंगरू पडवीपर्यंत यायचे. उंबऱ्यापाशी थांबायचे. एका वर्षी मी कणगीच्या आडून डोकावले तर मला त्याचे पाय दिसले. वाडीतल्याच एका काकांच्या टाचा होत्या त्या, भेगाळलेल्या. परवाच त्यांनी आमच्या विहिरीचा रहाट दुरुस्त केला होता. ओळख पटूनही मी बाहेर आले नाही. हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. मुखवट्याआड कोण आहे हे कळल्यावर भीती जायला हवी, असं आपण धरून चालतो. माझी गेली नाही, तिच्यात थोडी मजा मिसळली इतकंच.

मग खेळ्यांतला कोणी जाणता "चला, आवरा" म्हणायचा आणि संकासुर मागे फिरायचा. आजी नारळ आणि पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, द्यायची, आणि घरात तान्हं मूल असेल तर ते उचलून त्याच संकासुराच्या हातात द्यायची. मूल किंचाळायचं, तो त्याला हलकेच झुलवून परत करायचा, आजी समाधानाने हात जोडायची. वेद पळवणारा असुर तो, मत्स्यावताराने मारलेला. आणि त्याच्याच हातात घरातलं सगळ्यात लहान माणूस! पुढच्या घराच्या दिशेने घुंगरू लांब जात राहायचे आणि आम्ही कपड्यांवरचं भाताचं तूस झटकत बाहेर यायचो.

आल्प्समधल्या लोककथांतला, खोडकर मुलांना शिक्षा करणारा क्रॅम्पसही असाच कोणाच्या तरी सोबतीने येतो: मुलांना खाऊ देणाऱ्या संत निकोलसच्या. संत निकोलसचा दिवस ६ डिसेंबर. त्याच्या आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रियात, बव्हेरियात, दक्षिण तिरोलच्या खेड्यांत हे शिंगवाले बाहेर पडतात. साल्झबुर्ग प्रांतातल्या गास्टाइनच्या खोऱ्यात त्यांच्या टोळीला 'पास' म्हणतात. टोळीत पुढे निकोलस, बिशपचा उंच मुकुट आणि हातात वळलेल्या टोकाचा दंड, पाठीवर खाऊची टोपली घेतलेला एक गडी, एखादा देवदूत, आणि त्यांच्या मागे बोकडाच्या नाही तर मेंढ्याच्या कातड्यातले क्रॅम्पस. मुखवटे लाकडात कोरलेले, बहुतेकदा डोंगरातल्या झिर्बे नावाच्या देवदारवर्गी झाडाचे, त्यांवर खरीखुरी शिंगं बसवलेली. कमरेला घंटा, त्याही गुरांच्या गळ्यातल्या असाव्यात इतक्या जड. हातात फोकांची जुडी. ही टोळी दारोदार जाते. घरात शिरल्यावर निकोलस वही उघडतो आणि मुलांनी वर्षभरात काय काय केलं ते वाचून दाखवतो, म्हणजे आईवडिलांनी आधीच त्याच्या कानावर घातलेलं. मूल मान खाली घालतं, कबूल करतं, एखादी कविता किंवा प्रार्थना म्हणून दाखवतं. मागे दारात घंटा खणाणत असतात, साखळ्या वाजत असतात. निकोलसने इशारा केला की त्या थांबतात. मग टोपलीतून सफरचंद, अक्रोड आणि मसालेदार बिस्किटं बाहेर येतात.

या प्रकाराचं मूळ ख्रिस्ताच्याही आधीचं आहे असं सर्रास सांगितलं जातं, आणि सिनेमावाल्यांना तर 'प्राचीन' म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. लेखी पुरावे त्या मानाने बरेच अलीकडचे आहेत. मला मूळ शोधण्यात फारसा रस नाही. जुनं असो की नवं, त्याची मांडणी शहाणपणाची आहे. बक्षीस देणारा एक, शिक्षा करणारा दुसरा, आणि दुसरा पहिल्याच्या हुकमात. चर्चला आणि सरकारला तो अधूनमधून खुपत आला आहेच. १९३० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या हुकूमशाही राजवटीने त्याच्यावर बंदी घालून पाहिली. तो टिकला. आता त्याच्या मिरवणुका निघतात, रस्त्याला लोखंडी कठडे लागतात, मुखवट्यांच्या डोळ्यांत लाल दिवे असतात आणि कर्ण्यांवर कानठळ्या बसवणारं संगीत. काही ठिकाणी प्रत्येक क्रॅम्पसच्या अंगावर क्रमांक लावतात, कारण मुखवट्याआड दारू पिऊन प्रेक्षकांना जोरात फटकावणारेही निघतात आणि मग तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची ते कळलं पाहिजे. हे वाचून मला हसू आलं, पण विचार केला तर बरोबरच आहे. मिरवणुकीच्या गर्दीत निकोलसचा दंड किती लांब पोचणार? त्याच्या जागी क्रमांक आला.

सिनेमात ना दंड, ना क्रमांक.

मायकल डॉहर्टीचा 'क्रॅम्पस' २०१५ च्या डिसेंबरात आला. सुरुवातीलाच दुकानाचे दरवाजे उघडतात आणि माणसं एकमेकांना तुडवत खरेदीवर तुटून पडतात; सगळं संथ गतीत, आणि वर जुनं गोड नाताळगीत. ही विनोदी सुरुवात मला थोडी सोपी वाटते. बाजारूपणावर कोरडे ओढायला अमेरिकन सिनेमा नेहमीच तयार असतो, तिकीट विकूनच. खरा सिनेमा सुरू होतो तो जेवणाच्या टेबलावर. मॅक्स नावाच्या मुलाने सांताला पत्र लिहिलं आहे. खेळणी मागणारं नव्हे. आईबाबांचं पुन्हा जमू दे, बहिणीशी पूर्वीसारखं पटू दे, मामे-मावस गोतावळ्याचं जरा बरं चालू दे, असं काहीबाही. पाहुण्या आलेल्या आडदांड बहिणी ते पत्र पळवतात आणि भर पंगतीत हसत हसत मोठ्याने वाचतात. मॅक्स पत्र हिसकावून घेतो, वर खोलीत जातो, त्याचे तुकडे करतो आणि खिडकीतून वाऱ्यावर सोडून देतो. तुकडे वर जातात. आणि वादळ येतं.

आईच्या प्रश्नानंतर हा प्रसंग मी परत लावून पाहिला आणि जाणवलं की गास्टाइनच्या त्या बैठकीचंच हे उलटं रूप आहे. तिथेही मुलाच्या मनातलं, घरातलं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. तिथेही मूल शरमेने लाल होतं. पण तिथे वाचणारा मुकुट घालून आलेला असतो, त्याला अधिकार असतो आणि वाचून झाल्यावर प्रकरण मिटवायची जबाबदारीही असते. इथे वाचणाऱ्या त्याच्याच वयाच्या पोरी, त्यांना फक्त हसायचं आहे. टेबलावरची मोठी माणसं ऐकून घेतात, कारण त्यांच्याबद्दलचंही त्यात आहे, आणि ते खरं आहे. मिटवत कोणीच नाही. अशा घरात मग दुसरा येणारच, पहिला आलेला नसताना.

दिग्दर्शकाला हे ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण मॅक्सच्या आजीच्या, ओमीच्या तोंडी त्याने ते घातलं आहे. ओमीचं काम क्रिस्टा श्टाडलर या ऑस्ट्रियन अभिनेत्रीने केलं आहे, आणि ती नातवाशी जर्मन बोलते. घरातल्या बाकीच्यांना ते कळो न कळो, मॅक्सला कळतं. चुलीशी बसून ती सांगते: यंदा संत निकोलस येणार नाही, त्याच्याऐवजी त्याची सावली येते आहे, द्यायला नव्हे, घेऊन जायला. मग तिच्या लहानपणाची गोष्ट बाहुलीपटासारख्या ॲनिमेशनमध्ये येते. हलाखीचे दिवस, भाकरीसाठी भांडणारं गाव, तुटत चाललेले आईबाप, आणि हे सगळं नाहीसं होऊ दे असं मनात आणणारी एक मुलगी. तिची इच्छा पुरी होते. क्रॅम्पस सगळ्यांना नेतो आणि तिला मागे ठेवतो, हातात झाडाला टांगायची एक घंटी देऊन. तिच्यावर 'क्रॅम्पसचा नमस्कार' असं जर्मनमध्ये कोरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रियात क्रॅम्पसची चित्रं असलेली कार्डं एकमेकांना पाठवायची टूम होती, हाच मजकूर आणि लांब लाल जीभ काढलेला तो. डॉहर्टीने ती कार्डं पाहिलेली आहेत. पूर्ण सिनेमात मला सगळ्यात जास्त कापरं भरतं ते ओमीच्या चेहऱ्याकडे बघून. एवढी वर्षं ती दर नाताळला चुलीतली आग विझू देत नाही, बिस्किटं भाजते, कोणाला काही सांगत नाही. आमच्याकडेही अशा बायका पाहिल्या आहेत, एखादं व्रत का करतात ते विचारलं की विषय बदलणाऱ्या.

राक्षसांचं म्हणाल तर न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने मन लावून केलेले आहेत. मूल अख्खं गिळणारा डबीतला विदूषक, माळ्यावरून झडप घालणारी परी, खिळे मारायची बंदूक चालवणारी बिस्किटाची माणसं. गमतीदार आहेत, आणि म्हणूनच थोडे निरुपद्रवी. खुद्द क्रॅम्पस मात्र वेगळा. त्याच्या चेहऱ्यावर एका म्हाताऱ्याचा, जवळजवळ सांतासारखाच, सुरकुतलेला मुखवटा आहे. तोंड उघडं, पण ओठ हलत नाहीत. आतून डोळे तेवढे हलतात. संकासुराच्या टाचा मला दिसल्या होत्या. इथे खुरं आहेत. मुखवट्याआड वाडीतलं कोणी नाही.

फिनलंडचा 'रेअर एक्स्पोर्ट्स' हा २०१० चा सिनेमा याच वाटेने जातो, पण मला तो जास्त आवडतो. आवडतो म्हणजे त्याच्यावर मी रागावूही शकते. यल्मारी हेलांडरने आधी याच कल्पनेवर दोन छोट्या फिल्म केल्या होत्या. फिनलंड-रशियाच्या सीमेवर कोर्वातुन्तुरी नावाचा डोंगर आहे. सांता तिथे राहतो हे फिनलंडच्या मुलांना १९२७ मध्ये रेडिओवरच्या एका लाडक्या काकांनी सांगितलं आणि तेव्हापासून ते पक्कं झालं. पत्ता एवढा नवा. त्याआधी तिथे सणाच्या दिवसांत जो यायचा तो काही द्यायला येत नसे. कातडं पांघरलेला, शिंगं लावलेला बोकड बनून पुरुष दारोदार जायचे आणि उरलंसुरलं खाणं, बिअर मागायचे. दिलं नाही तर दंगा. १३ जानेवारीला, सण सरता सरता, काही भागांत ते अजून निघतात. म्हणजे शिमग्याचं पोस्तच की ते! देणारा म्हातारा हा सगळा नंतरचा संस्कार, आणि हेलांडरने तो खरवडून काढला.

त्याच्या सिनेमात एक परदेशी कंपनी तो डोंगर खणते आहे आणि आत बर्फात गोठलेलं काहीतरी प्रचंड आहे. पिएतारी नावाचा मुलगा जुनी पुस्तकं काढून वाचतो आणि त्याला कळतं की खरा सांता मुलांना फोडून काढणारा आहे. हे पोरगं मग पाठीमागे चड्डीत पुठ्ठा भरून हिंडतं. मला हे फार आवडतं. शिक्षा होणार हे त्याने मान्य केलं आहे, प्रश्न फक्त किती लागेल एवढाच. आई नाही, बाप रेनडिअर कापणारा, कमी बोलणारा, पैशाच्या विवंचनेत. वर्षाची कमाई ज्यावर, तो रेनडिअरचा कळपच्या कळप फाडून टाकलेला सापडतो. मग गावातले हीटर, केस वाळवायची यंत्रं चोरीला जातात. मुलं नाहीशी होतात आणि त्यांच्या अंथरुणात गवताच्या बाहुल्या मिळतात. लांडग्यासाठी खणलेल्या खड्ड्यात एक हाडकुळा, नागडा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा सापडतो, जो काहीच बोलत नाही, पण मूल जवळ आलं की त्याच्या नाकपुड्या फुलतात. पिएतारी बापाला सांगू बघतो. बाप ऐकत नाही, ऐकायला वेळ नाही. सगळ्या घरांतलं हे असंच.

शेवट मात्र बदमाश आहे. बर्फातला तो प्रचंड देह शिंगं कापून घेऊन सुरुंगाने उडवला जातो आणि त्याचे शेकड्यांनी असलेले नागडे म्हातारे सेवक बिनमालकाचे होतात. गावकरी त्यांना धुतात, दाढ्या विंचरतात, मुलांना डोक्यावरून हात फिरवायला शिकवतात आणि लाकडी पेट्यांत भरून जगभर सांता म्हणून विकतात. नुकसान भरून निघतं, नाव 'दुर्मिळ निर्यात'. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोठ्याने हसले होते. आता हसताना थोडं अडखळायला होतं. आवरणारा नव्हता तिथे माणसांनीच आवरलं हे खरं, पण ते आवरणं म्हणजे पट्टा बांधून निर्यात. आपल्या दुकानांत डिसेंबरात लाल झग्यात उभा केलेला कोणी कंत्राटी म्हातारा दिसला, की त्याच्या डोळ्यांकडे बघायची सवय मला या सिनेमाने लावली. ती काही चांगली सवय नाही. त्या बिचाऱ्याला झग्यात घाम आलेला असतो.

त्याच २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये डिक मासने 'सिंट' काढला आणि तिथे तर त्याने निकोलसलाच पिशाच केलं. १४९२ मध्ये गावकऱ्यांनी जाळून मारलेला लुटारू बिशप, ५ डिसेंबरला पौर्णिमा आली की घोड्यावरून ॲम्स्टरडॅमच्या छपरांवर परत येतो. छपरांवरची घोडदौड झकास आहे, बाकी सिनेमा रक्तबंबाळ आणि जरा थिल्लर. पोस्टरवर संताचा जळका चेहरा होता म्हणून पालक खवळले. मुलांनी रस्त्यात बघितला तर त्यांचा विश्वास उडेल, अशी तक्रार. ती तक्रार मला हास्यास्पद वाटत नाही. शिंगवाल्याचं भेसूर चित्र कोणी लावलं असतं तर एवढा गहजब झाला नसता, कारण त्याने भ्यायचं तेवढं सगळे आधीच भ्यालेले असतात. ज्याच्या हातात वही आणि दंड, तोच पिसाळला तर दाद कोणाकडे मागायची? मासच्या सिनेमात हा प्रश्न आहे, पण त्याला तिथे थांबायला सवड नाही. पुढचं मुंडकं उडवायचं असतं.

मुलांना घाबरवावं का, हा वाद मोठी माणसं फार पूर्वीपासून घालत आली आहेत. आइसलँडमध्ये ग्रीला नावाची राक्षसीण आहे, ती खोडकर मुलं पोत्यात भरून नेते आणि शिजवते. तिचे तेरा मुलगे नाताळच्या आधी एकेक करून डोंगरातून खाली उतरतात. घरात एक भलंमोठं मांजर, ज्याला सणाला नवा कपडा मिळाला नाही त्याला खाणारं. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कचं राज्य होतं आणि १७४६ मध्ये मुलांना या मंडळींचं भय घालू नये असा राजाचा हुकूम निघाला. त्यानंतर ते तेरा जण हळूहळू सौम्य होत गेले, आता लाल टोप्या घालून खिडकीतल्या बुटात खाऊ ठेवतात. मांजर मात्र कोणाला सौम्य करता आलं नाही. मला वाटतं त्याचं कारण गरिबी. नवा कपडा न मिळणं हा मुलाचा गुन्हा नाही, तरी शिक्षा त्यालाच. असली भीती हुकमाने जात नाही.

आपल्याकडे नाताळ आला तो पोर्तुगिजांबरोबर, आणि त्यांच्या नाताळात शिंगवाला नव्हताच. म्हणून गोव्यात, वसईत नाताळ म्हणजे गोठा, चांदणी, दोदोल, नेवऱ्या, मध्यरात्रीची मिसा. वसईची माझी एक मैत्रीण घरात मराठीची कुपारी बोली बोलते. तिला मी क्रॅम्पसबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे बाळ येशू झोपलेला असतो, गोंगाट कोण करणार? सांता तिच्याकडेही इंग्रजी पुस्तकांतून आणि दुकानांतूनच आलेला. वांद्र्याला आणि गोव्यात ३१ डिसेंबरला जुन्या कपड्यांत गवत भरून म्हातारा करतात आणि मध्यरात्री जाळतात. आधीचे दोन-चार दिवस पोरं त्याला खुर्चीवर बसवून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागतात. लहानपणी मामाकडे वांद्र्याला गेले की मी त्या म्हाताऱ्यांपुढून जाताना हात घट्ट धरून ठेवायचे. त्यांना फटाके लावलेले असत आणि तोंडात विडी. जाळायच्या म्हाताऱ्याची भीती कशाला, असं मामा म्हणायचा. जळणार म्हणूनच, असं मला तेव्हा सांगता आलं नसतं.

माझा भाचा सात वर्षांचा आहे. त्याला बागुलबुवा माहीत नाही, संकासुर त्याने मोबाइलवर पाहिला आणि "कॉस्च्युम मस्त आहे" म्हणाला. त्याला कोणी घाबरवत नाही. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे समजावून सांगतात. पण त्याच्या घरात छताच्या कोपऱ्यात कॅमेरा आहे, बहीण ऑफिसातून बघते. एकदा मी त्याच्याजवळ बसले होते, तो डब्यातून बिस्किट काढताना थांबला आणि वर बघितलं. घाबरलेला नव्हता. हिशेबात होता. मला त्या क्षणी वाटलं, याच्यापेक्षा कणगीमागचं भय परवडलं, आणि लगेच हेही वाटलं की हे मला म्हणायला सोपं आहे, मी कणगीमागून सुखरूप बाहेर आलेली आहे. ज्या मुलाला घरात खरोखरच मार बसत असेल, त्याने फोकांची जुडी दारात बघून काय करावं? आसुडाच्या आठवणी सांगताना आमच्या पिढीचं हे नेहमी निसटतं.

सांताच्या यादीचंही तसंच. कोण गुणी, कोण खोडकर, त्याला वर्षभर सगळं दिसतं म्हणतात. अमेरिकेत तर त्याचा एक चिमुकला हस्तक, म्हणजे एक बाहुला, घरातल्या फळीवर बसवायची पद्धत आहे, दिवसभर बघून रात्री कळवणारा. तो गोड दिसतो. पण यादी कधी कोणी वाचून दाखवत नाही. तिथे मूल म्हणू शकत नाही की असं नव्हतं, आधी त्याने मला ढकललं.

'क्रॅम्पस'च्या शेवटावर माझं आणि भावाचं दर डिसेंबरला भांडण होतं. मॅक्स शेवटी क्रॅम्पसपुढे उभा राहून माफी मागतो, माझ्या माणसांना सोड, मला ने, म्हणतो. क्रॅम्पस त्याच्या गालावरचा अश्रू बोटाने टिपतो. वाटतं, विरघळला. मग तो हसतो आणि मॅक्सला खड्ड्यात टाकतो. पुढच्याच क्षणी मॅक्स आपल्या अंथरुणात जागा होतो. नाताळची सकाळ, खाली सगळे जिवंत, भेटी उघडताहेत. त्याच्याही नावाची एक भेट आहे, आणि तिच्यात ती घंटी. खोलीतलं बोलणं बंद पडतं, एकेकाच्या चेहऱ्यावर आठवण उतरते, आणि कॅमेरा मागे मागे जातो तर हे घर एका काचेच्या गोळ्यात आहे, हलवला की बर्फ पडतो तसल्या, आणि क्रॅम्पसच्या फळीवर असे गोळेच गोळे मांडलेले.

भावाचं म्हणणं, ही ताकीद आहे. घर परत मिळालं, फक्त वर नजर आहे, नीट वागा. दिग्दर्शकाने दोन्ही अर्थांना जागा ठेवली आहे हे मलाही मान्य आहे. माझं मत कैदेच्या बाजूने आहे, आणि ते गोळ्यामुळे नाही, त्या हसण्यामुळे आहे. माफी ऐकून घेतली आणि तरी टाकलं. शिक्षा झाली तर ती कशाची, किती दिवसांची, कोणाच्या सहीने, हे तिथे कोणी सांगितलंच नाही. भाऊ म्हणतो, तू भयपटाकडून कोर्टाची अपेक्षा करतेस. करते. निकोलस त्या रात्री आला असता तर त्याने गोळा फोडला असता असं मी म्हणत नाही, तोही काही कमी कडक नव्हता. पण त्याने वही उघडून काय लिहिलंय ते वाचलं असतं, आणि मॅक्सला मध्ये बोलता आलं असतं.